पाडव्यासाठी घरच्या साखरगाठी: पाकापासून माळेपर्यंत

फाल्गुन पौर्णिमेची होळी आणि चैत्र प्रतिपदेचा पाडवा यांत पंधरा दिवसांचं अंतर असतं, आणि हे पंधरा दिवस साखरगाठींचे असतात. विदर्भात होळीलाच मुलांच्या गळ्यात गाठी पडते, खानदेशात हार-कंगन देतात, तर पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात गाठीची माळ गुढीला बांधून संध्याकाळी गुढी उतरवल्यावर मुलांच्या हाती येते. भाच्यांना, नातवंडांना, शेजारच्या चिल्ल्यापिल्ल्यांना द्यायला याहून सोपी भेट नाही. लागतं काय, तर साखर, पाणी आणि दोरा.

तरीही गाठी घरी करायला लोक बिचकतात. "आमची चिकट झाली", "साच्यातून निघालीच नाही", "पांढरी झाली नाही, काचेसारखी राहिली" अशा तक्रारी हमखास ऐकू येतात. या तिन्ही तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा एकाच जागी असतं: पाक घोटण्याकडे दुर्लक्ष. पाककृती सांगताना सगळे "पाक करा आणि साच्यात ओता" म्हणून मोकळे होतात. पण गाठ होते की नाही हे ठरतं ते या दोन क्रियांच्या मधल्या एका मिनिटात. म्हणून या लेखात त्या मिनिटावर मी जास्त थांबणार आहे.

साखर पांढरी कशी होते

साखरेचा पाक उकळताना त्यातलं पाणी उडत जातं आणि थोड्या पाण्यात खूप साखर अशी अवस्था येते. असा पाक न हलवता थंड होऊ दिला, तर कणांना जुळायला वाव न मिळता तो नितळ, काचेसारखा गोठू शकतो. तोच पाक योग्य वेळी घोटला, तर साखरेचे असंख्य बारीक कण एकदम तयार होतात, प्रकाश त्यांच्यावरून विखुरतो आणि पाक दुधासारखा पांढरा दिसू लागतो. गाठीचा पांढरा रंग हा असा येतो. त्यासाठी वेगळी कुठलीही पावडर लागत नाही.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. गाठीच्या पाकात लिंबू पिळायचं नाही. घरगुती कृतींमध्ये "पाकाची साखर होऊ नये म्हणून लिंबाचे दोन थेंब" असं सर्रास सांगितलेलं असतं. गुलाबजामाच्या पाकासाठी ते बरोबरच आहे, कारण लिंबातल्या आम्लामुळे साखरेचे दाणे जमायला अडथळा येतो. इथे आपल्याला नेमके दाणेच हवे आहेत. लिंबू घातलेली गाठ पांढरी व्हायला फार वेळ घेते आणि दमट हवेत पटकन चिकट होते. गुळाचंही तसंच. गुळात आधीच दाणे न धरणारी साखर असते, त्यामुळे निव्वळ गुळाची गाठ नीट धरत नाही. पहिल्यांदा करताना साधी पांढरी साखरच घ्या.

काय काय लागेल

साखर २५० ग्रॅम, पाणी ८० मिलिलिटर, म्हणजे साखरेच्या साधारण तिसरा हिस्सा. पिठीसाखर एक छोटा चमचा. चिमूटभर वेलचीपूड हवी तर. साच्यांना लावायला तूप, अगदी बोटाला लागेल एवढंच.

एवढ्या साखरेत सात-सात गाठींच्या साधारण चार लहान माळा होतात. जास्त माळा हव्या असतील तर प्रमाण दुप्पट करण्याचा मोह टाळा. घोटलेला पाक ओतायला जेमतेम अर्धं-पाऊण मिनिट मिळतं. तेवढ्यात मोठ्या घाण्याचा अर्धा पाक पातेल्यातच बसतो. त्यापेक्षा दोनदा, तीनदा लहान घाणे काढा.

पातेलं जाड बुडाचं आणि शक्यतो चोच असलेलं घ्या. चहाचं जाड पातेलं उत्तम. ढवळायला लाकडी उलथनं किंवा लाकडी डाव, कारण धातूचा डाव लगेच तापतो. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर काम सोपं होईल, नसेल तर वाटीभर थंड पाणी जवळ ठेवा.

दोरा सुती आणि थोडा खरखरीत हवा. फुलांच्या हाराचा पांढरा दोरा दुहेरी करून घेतला तर छान. नायलॉनचा दोरा नको, तो गरम पाकात मऊ पडतो आणि गुळगुळीत असल्यामुळे गाठी त्यावरून सरकतात. माळेसाठी हातभर दोरा कापा, दोन्ही टोकांना बांधण्यापुरती जागा सोडा आणि जिथे जिथे गाठ येणार तिथे दोऱ्याला एकेक साधी गाठ मारून ठेवा. साखर या गाठींना पकडून बसते आणि माळ गळ्यात घातल्यावर ओघळत नाही.

साचे

बाजारात गाठी करणाऱ्यांकडे कोरलेले लाकडी साचे असतात. तुमच्या घरी असा जुना साचा असेल तर तो अर्धा तास पाण्यात बुडवून ठेवा आणि वापरण्याआधी पुसून घ्या. ओल्या लाकडाला साखर चिकटत नाही, त्यामुळे तुपाचीही गरज पडत नाही.

साचा नसेल तर तीन सोयी आहेत. पहिली, चॉकलेटचे किंवा केकचे सिलिकॉनचे साचे. हे उष्णता सहन करतात आणि गाठ सहज सुटते. पातळ प्लॅस्टिकचे चॉकलेटचे साचे मात्र चालणार नाहीत, पाकाच्या उष्णतेने ते वाकडे होतात. दुसरी सोय म्हणजे छोट्या इडल्यांचं पात्र किंवा आप्पेपात्र. त्याला तुपाचं बोट फिरवा, दोरा खळग्यांवरून आडवा ताणून टोकं चिकटपट्टीने पक्की करा आणि पाक ओतल्यावर काडीने दोरा हलकेच आत दाबा.

तिसरी सोय मला सगळ्यात जास्त आवडते, कारण तिला साचाच लागत नाही. मोठ्या परातीच्या पाठीवर किंवा ओट्यावर बटर पेपर पसरा. दोरा त्यावर सरळ ताणा आणि दोन्ही टोकांखाली आइस्क्रीमची एकेक काडी सरकवा, म्हणजे दोरा कागदापासून किंचित वर राहील. आता दोऱ्यावर मारलेल्या प्रत्येक गाठीवर चमच्याने पाकाचा एकेक ठिपका सोडत जायचं. दोरा वर उचललेला असल्यामुळे तो ठिपक्याच्या मधोमध अडकतो. कागदाला टेकलेला दोरा ठिपक्याच्या तळाशी राहतो आणि माळ उचलली की गाठी गळून पडतात.

हे सगळं गॅस पेटवण्याआधी तयार हवं. दोरे ताणलेले, साचे तूप लावलेले, चमचे हाताशी. पाक तयार झाल्यावर दोरा शोधायला वेळ मिळत नाही.

पाक

पातेल्यात साखर आणि पाणी घालून मंद आचेवर ठेवा आणि साखर पूर्ण विरघळेपर्यंत ढवळत राहा. घाई करू नका. साखर विरघळण्याआधी उकळी आली तर न विरघळलेले दाणे पुढे पाक खरखरीत करतात. पातेल्याच्या कडेला दाणे चिकटलेले दिसले तर ओल्या, स्वच्छ कापडाने किंवा ब्रशने पुसून घ्या.

उकळी आल्यावर चमचाभर दूध घातलं तर मळी फेसाबरोबर वर येते, ती काढून टाका. आजकालची साखर बरीच स्वच्छ असते, त्यामुळे ही पायरी गाळली तरी चालेल. साखर थोडी पिवळसर वाटत असेल तर मात्र जरूर करा.

इथून पुढे आच मध्यम ठेवा आणि ढवळणं पूर्ण थांबवा. पातेल्याच्या रुंदीप्रमाणे सहा ते आठ मिनिटांत पाक घट्ट होत जाईल. आधी बुडबुडे मोठे आणि घाईचे असतात, मग ते बारीक होतात आणि सावकाश फुटू लागतात. हे दिसलं की तपासायला लागा. थर्मामीटर असेल तर ११८ ते १२० अंश सेल्सिअस हवं. नसेल तर पाकाचा थेंब थंड पाण्यात सोडा आणि बोटांनी गोळा करा. गोळी झाली, दाबल्यावर थोडी दबली पण आकार सोडला नाही, की पाक झाला. गोळी पसरट होत असेल तर अजून मिनिटभर थांबा. गोळी ताटलीवर आपटल्यावर टणक आवाज येत असेल तर पाक चिक्कीच्या दिशेने पुढे गेला. त्यात दोन-तीन चमचे पाणी घालून सगळं एकजीव होऊ द्या आणि पुन्हा त्या टप्प्यावर आणा. बिघडलं असं यात काही नसतं, साखर पुन्हा विरघळते आणि पुन्हा जमते.

तपासताना प्रत्येक वेळी गॅस मंद करा, नाहीतर तुम्ही गोळी बघेपर्यंत पाक पुढे निघून जातो.

घोटणं

गॅस बंद करा. पातेलं खाली उतरवून साधारण एक मिनिट तसंच राहू द्या, बुडबुडे पूर्ण बसू द्या. पाक खूप गरम असताना घोटला तर दाणे जाडे होतात आणि गाठ भुसभुशीत होते. थोडा निवल्यावर घोटला तर दाणे बारीक येतात, गाठ गुळगुळीत आणि घट्ट होते.

आता पिठीसाखर पाकावर भुरभुरा. पिठीसाखरेचे सूक्ष्म कण हे विरजणाचं काम करतात, त्यांच्याभोवती नवे कण झपाट्याने जमतात. वेलचीपूड घालायची असेल तर ती पिठीसाखरेतच मिसळून ठेवा. लाकडी उलथन्याच्या पाठीने पाक पातेल्याच्या कडेला घासायला लागा. गोल ढवळायचं नाही, कडेला दाबून पुढे-मागे घासायचं आहे. पहिल्या काही फेऱ्यांत काहीच होत नाही असं वाटेल. मग घासलेल्या जागी पांढरी रेघ उमटेल. ती रेघ मधल्या पाकात ओढून घ्या, पुन्हा घासा. पाहता पाहता सगळा पाक धुरकट होईल, मग दुधी.

दुधी झाला की थांबा आणि ताबडतोब ओता. पाक अजून सायीइतका पातळ आणि ओतता येईल असा असला पाहिजे. आणखी पांढरा व्हावा म्हणून घोटत राहिलात तर तो पातेल्यातच बसेल. उरलेला पांढरेपणा साच्यात येतो.

या कामाला दोन मोठी माणसं असली तर फार सोयीचं. एकाने ओतायचं, दुसऱ्याने दोरा आणि साचे सांभाळायचे. ठिपक्यांच्या पद्धतीत छोटा चमचा वापरा. एका चमच्यात साधारण सात ग्रॅमची गाठ होते, लहान हातांना आणि तोंडांना पुरेशी. मधली गाठ थोडी मोठी केली तर ती पदकासारखी शोभते. कडं करायचं असेल तर बटर पेपरवर वाटीने गोल आखून घ्या आणि त्या रेघेवर चमच्याने पाकाची धार फिरवा.

पातेल्यात पाक बसलाच, तर दोन चमचे पाणी घालून मंद आचेवर विरघळवा, पुन्हा गोळीच्या पाकावर आणा आणि परत घोटा.

गाठी दहा-पंधरा मिनिटांत सुटतात. साचा उलटा करून हलकेच ठोका, ओढाओढ करू नका. ठिपक्यांच्या माळेखालचा कागद सोलून काढा, माळ सोलू नका. मग माळा उलट्या करून पंख्याखाली तीन-चार तास वाळू द्या. आतला ओलावा गेल्याशिवाय डब्यात भरल्या तर एकमेकींना चिकटतात.

रंग

पांढऱ्या माळेत एखादी गुलाबी, एखादी पिवळी गाठ मुलांना फार आवडते. पाकात रंगीत पाणी किंवा बिटाचा रस ओतू नका, त्याने पाक पुन्हा पातळ होतो. कोरडा रंग पिठीसाखरेत मिसळा: गुलाबीसाठी बिटाची पूड, पिवळ्यासाठी हळदीची अगदी नखभर चिमूट, केशरी हवा असेल तर खलून बारीक केलेलं केशर. हळदीला जास्त हात लागला की चव येते, हे लक्षात असू द्या. बिटाचा रंग पाक उकळताना घातला तर तपकिरी पडतो, घोटताना घातला तर टिकतो.

लहानग्यांसाठी हलके बत्तासे

गाठ कडक असते. अगदी लहान मुलांना चावायला सोपं आणि साखरही कमी असं काही हवं असेल तर बत्तासे करा. पाक वरच्यासारखाच. गॅस बंद करून पाक मिनिटभर निवला की पिठीसाखरेबरोबर खायच्या सोड्याची छोटी चिमूट घाला आणि घोटा. सोड्यामुळे पाकात वायूचे बुडबुडे होतात आणि ठिपका फुगून पोकळ, हलका बसतो. तोंडात टाकला की विरघळतो. सोडा मोजकाच, जास्त झाला तर पिवळटपणा आणि कडवट चव येते. बत्तासे दोऱ्यात नीट धरत नाहीत, ते सुटेच द्या.

मुलं आणि पाक

मुलांसाठीची भेट असली तरी पाकाच्या वेळी मुलं स्वयंपाकघराबाहेर हवीत. उकळत्या पाण्यापेक्षा हा पाक वीसेक अंशांनी जास्त गरम असतो आणि शिवाय तो त्वचेला चिकटून राहतो. म्हणून त्याचं भाजणं पाण्याच्या भाजण्यापेक्षा खोल जातं. पातेल्याचा दांडा आत वळवून ठेवा. थेंब उडालाच तर ती जागा लगेच नळाच्या थंड वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा. बर्फ, हळद, टूथपेस्ट काही लावू नका. फोड मोठा आला, किंवा भाजलेलं चेहऱ्यावर वा तळहातावर असेल तर डॉक्टरांना दाखवा.

मुलांना देण्याजोगी कामं भरपूर आहेत. दोऱ्याला गाठी मारणं, काड्या सरकवणं, वाळलेल्या गाठी मोजणं, नावाच्या चिठ्ठ्या रंगवणं. पाच-सहा वर्षांचं मूल हे सगळं मन लावून करतं.

गाठ कोणाच्या हाती द्यायची याचाही विचार करा. चार वर्षांखालच्या मुलांना कडक गाठ खायला देऊ नये, घशात अडकू शकते. तान्ह्या बाळाच्या गळ्यात माळ फोटोपुरती घाला आणि लगेच काढा, दोरा गळ्यात असताना बाळाला झोपवू नका. दोन वर्षांखालच्या बाळांना वरून घातलेली साखर न देणंच बरं, त्यांची माळ गुढीवर शोभू द्या. मोठ्या मुलांचं म्हणाल, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली वरून घेतलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या दहा टक्क्यांखाली, आणि जमलं तर पाच टक्क्यांखाली ठेवायला सांगितलं आहे. मोठ्या माणसासाठी पाच टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम, मुलांसाठी त्याहून कमी. सात गाठींची माळ पन्नास ग्रॅमच्या आसपास भरते. म्हणून माळ भेट द्या, पण "रोज एक गाठ" असं ठरवूनच द्या. मुलांना असा नियम आवडतो, ती तो दुसऱ्यांनाही सांगतात. आणि गाठ खाल्ल्यावर चूळ भरायची, हेही त्याच वेळी सांगून टाका. दुसऱ्याच्या मुलाला देताना त्याला मधुमेह वगैरे काही नाही ना, हे आईवडिलांना विचारून घ्या.

बांधणी आणि साठवण

माळ बटर पेपरमध्ये सैल गुंडाळा, वरून कागदी पाकीट किंवा जुन्या खणाची छोटी पिशवी. सोबत कडुलिंबाची कोवळी डहाळी दोऱ्याने बांधली की पाडव्याची खूण आपोआप होते. डहाळी पाकिटाच्या बाहेरच ठेवा, तिच्या ओलाव्याने गाठी पाझरतात.

मुंबई आणि कोकणासारख्या दमट हवेत गाठी पाडव्याच्या आदल्या दोन दिवसांत करा. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत आठवडाभर आधी केल्या तरी चालतात. दोन्हीकडे घट्ट झाकणाचा कोरडा डबा हवा. फ्रिजमध्ये ठेवू नका. बाहेर काढल्यावर थंड गाठीवर बाष्प जमतं आणि ती चिकट होते.

गुढीला बांधायची माळ सकाळी गुढी उभारतानाच डब्यातून काढा. मुंग्या दोऱ्यावरून चढतात, म्हणून गुढी उतरवल्यावर माळ झटकून, नीट पाहून मगच मुलांना द्या. दिवसभर रस्त्याकडेच्या धुळीत राहिलेली माळ मुलांना खायला देण्यापेक्षा गुढीसाठी एक आणि मुलांसाठी वेगळ्या, अशी सोय मी सुचवेन.

माळा देऊन झाल्यावर तुटक्या, वेड्यावाकड्या गाठी उरतातच. त्या फेकू नका. चैत्रात कैरीचं पन्हं होतंच, त्यात साखरेऐवजी त्याच विरघळवा. वेलचीची गाठ असेल तर पन्ह्यात वेगळी वेलची घालायचीही गरज पडत नाही.